लैंगिक गुन्हेगारांच्या विचारांवरचा रिसर्च वाचताना काय तपासायचं

“तिलाही हवं होतं”, “पोराला काही इजा तर झाली नाही ना”. रिसर्च पेपरात गुन्हेगारांची असली वाक्यं आली की पहिलं बघा, माणूस हे कधी बोललाय. बहुतेक वेळा पकडल्यावर, जेलमधे, म्हणजे ती समजूत गुन्ह्याच्या आधीपासून डोक्यात होती की नंतरची सारवासारव आहे हे त्या वाक्यावरून कळत नाही आणि कितीतरी पेपर दोन्हीला सरसकट कॉग्निटिव्ह डिस्टॉर्शन (गुन्ह्याला योग्य ठरवणारा वाकडा विचार) म्हणून मोकळे होतात.

वॉर्ड आणि कीनन या संशोधकांनी १९९९ मधे मुलांवर अत्याचार करणाऱ्यांच्या विचारांच्या मुळाशी असलेल्या पाच धारणा मांडल्या: मुलांनाही लैंगिक इच्छा असते, मला हक्क आहे, जग धोकादायक आहे, माझा ताबाच नव्हता, आणि यात फारसं नुकसान होत नाही. मांडणी कामाची आहे, पण हा सिद्धांत आहे, डोक्याचा एक्सरे नाही.

मग प्रश्नावली. बंबी या संशोधकाच्या १९९६ च्या स्केल (अशा विधानांशी माणूस किती सहमत आहे ते मोजणाऱ्या) अजून वापरतात, पण विधानं इतकी उघड असतात की सुटकेची वाट बघणारा कैदी बरोबर ‘चांगलं’ उत्तर देतो. शिवाय फक्त ‘गटांत फरक आढळला’ वाचून पुढे जाऊ नका, सरासरी स्कोअर स्केलवर कुठे पडतो ते शोधा, कारण बऱ्याचदा गुन्हेगारही त्या विधानांना नाहीच म्हणतात, फक्त इतरांइतकं ठामपणे नाही! आणि तुलना कोणाशी केलीय? दुसऱ्या गुन्ह्यातल्या कैद्यांशी की बाहेरच्या लोकांशी, यावर निकाल बदलू शकतो.

मारुना आणि मान यांचा २००६ चा लेख जरूर वाचा. चूक केल्यावर सबबी सगळेच देतात, मग फक्त यांच्याच सबबीला आजार का समजायचं, असा त्यांचा सवाल. (गुन्हा माफ करा असं ते म्हणत नाहीत, हे मात्र लोक मुद्दाम विसरतात.)

नकार आणि गुन्ह्याला पाठिंबा देणारी मतं वेगळी ठेवा. हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गाँ यांच्या २००५ च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधे (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेला अभ्यास) गुन्हा नाकारण्याचा आणि पुन्हा गुन्हा करण्याचा जवळपास संबंध दिसला नाही, तर २०१३ च्या दुसऱ्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमधे पाठिंब्याच्या मतांचा दिसला, पण छोटाच. म्हणून थेरपीवरचा पेपर असेल तर स्कोअर सुधारला एवढ्यावर खूश होऊ नका, पुढच्या काही वर्षांत पुन्हा गुन्हे किती झाले तो तक्ता आहे का बघा.