सातवा अलायनर बसेना, तेव्हा

सातवा अलायनर (दात सरळ करायला एकापाठोपाठ एक घालायच्या पारदर्शक साच्यांपैकी एक) घातला तर वरच्या सुळ्याशेजारच्या दाताखाली फट. आरशाजवळ जाऊन पाहिलं, नखाच्या कडेएवढी, पण स्पष्ट. कारण मला ठाऊक होतं: दिवसाचे 22 तास घालायचा, तो सहावा लग्नसराईत जेमतेम 14 तास तोंडात होता. एक अलायनर दात साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो. आधीचं सरकणं अर्धवट राहिलं तर पुढचा बसणार कसा?

डॉक्टरांनी सहाव्यावर परत नेलं, आणखी दहा दिवस. सोबत च्युई दिली, चघळायची मऊ नळी. अलायनर घातला की ती त्याच दाताखाली धरून पाच मिनिटं दाबून चावायची. कंटाळा येतो, पण खरं काम तिनेच केलं. चहा मात्र अलायनर काढूनच, उष्णतेने तो वाकडा होतो.

अकराव्या दिवशी सातवा टक्कन बसला.