उरेब गाऊन शिवायला घेताय? आधी उभा धागा बघा

चुडीदार बेतता येतो, ब्लाउजचे टक्स नीट बसतात, एवढं येत असेल तर उरेब, म्हणजे कापड तिरकं ठेवून बेतलेल्या, गाऊनला हात घालायला हरकत नाही. पण "चुडीदार जमतो ना, मग झालं" असं सांगणाऱ्या शिंपीमास्तरांचं ऐकू नका. मला तसंच सांगितलं होतं. चुडीदारही उरेबच, कापडाची तिरकी थैली शिवून कापतात, हे खरं. पण तो पायाला धरून बसतो आणि धाग्याची गडबड खाली चुड्यांत लपून जाते. गाऊन खांद्यापासून जमिनीपर्यंत स्वतःच्या वजनाने लोंबतो, तिथे काहीही झाकलं जात नाही.

माझा गाऊन होता मैत्रिणीच्या वसईतल्या चर्चमधल्या लग्नासाठी. तिला १९३०च्या दशकातली धाटणी हवी होती: हस्तिदंती सॅटिन-बॅक क्रेप (एक बाजू चकचकीत सॅटिनची, दुसरी मंद क्रेपची), पाठीला खोल गळा, कमरेला शिवण नाही, गुडघ्यापर्यंत अंगासरसा आणि मग घेर. ही धाटणी शोधत गेलात की पॅरिसच्या मादलेन व्हिओनेपाशी पोचताच. १९१२ साली त्यांनी स्वतःचं फॅशन हाऊस काढलं, पहिल्या महायुद्धात ते बंद पडलं, पुन्हा उघडलं आणि १९३९मध्ये कायमचं मिटलं. उरेब पट्ट्या त्यांच्या आधीही लोक वापरत. अख्खा पोशाख उरेब बेतायची रीत त्यांनी रुळवली. व्हिओने छोट्या लाकडी पुतळीवर कापड लावून बेतत, आणि बियांकिनी-फेरिए ही कंपनी त्यांच्यासाठी मुद्दाम मोठ्या पन्ह्याचं क्रेप विणून देई. हा पन्ह्याचा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्याकडे क्रेप बहुतेक ४४ इंची मिळतं. बेताचा कागद उभ्या धाग्याशी ४५ अंशांत ठेवला की घेराचा कोपरा कापडाबाहेर जातो आणि जोड द्यावा लागतो. हा जोड उभ्या धाग्याला, म्हणजे कापडाच्या काठाला, समांतर द्या. तो ताणला जात नाही आणि घेरात दिसतही नाही. जोडाची लाज वाटून घेऊ नका, तेव्हाच्या गाऊनलाही असायचे.

आता मी अडकले ती जागा. इथे सावकाश वाचा.

पुढचा भाग दोन तुकड्यांचा, मधोमध शिवण. कापड घसरतं, म्हणून दुहेरी घडीवर न कापता एकेरी पसरून कापायचं, इथवर सगळे सांगतात. डावा तुकडा कापला. उजव्यासाठी कागद उलटा केला आणि कापड वाचावं म्हणून डाव्याच्या शेजारी, त्याच दिशेला तिरका ठेवला. दोन्ही ४५ अंशांतच आहेत. मोजलंत तरी चूक सापडणार नाही. पण डाव्या तुकड्यात उभा धागा मधल्या शिवणीकडून बाजूच्या शिवणीकडे उतरतो, तर उजव्यात त्याच जागी आडवा धागा येतो. हे दोन धागे सारखे नसतात. क्रेपमध्ये आडव्याला पीळ जास्त असतो, दोघांचं लोंबणं वेगळं. मग एक बाजू जास्त लोंबते, मधली शिवण लाटा धरते, बाजूची शिवण मांडीवर पुढे सरकते. सॅटिनची बाजू वर असेल तर आणखी पंचाईत, कारण उजेडात दोन अर्धे दोन वेगळ्या छटांचे दिसतात. टीप मारताना यातलं काही कळत नाही. लटकवून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी कळतं, तेव्हा कापड संपलेलं असतं.

म्हणून उलटा कागद उलट्या दिशेलाच तिरका ठेवायचा. एकाची मधली रेषा उजवीकडे झुकलेली, तर दुसऱ्याची डावीकडे. कात्री लावण्याआधी प्रत्येक तुकड्यावर, कापडाच्या उलट बाजूला, खडूने उभ्या धाग्याचा बाण काढा. कापल्यावर दोन्ही तुकडे मधल्या रेषेला रेषा लावून जमिनीवर मांडा. दोन बाणांचं घराच्या छपरासारखं टोक दिसलं तर ठीक. बाण समांतर दिसले तर थांबा, टीप मारूच नका. पाठीलाही हेच. यात मीटरभर कापड जास्त जातं. तेवढी काटकसर करायची असेल तर उरेबच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दुकानदाराने कापलेलं टोक सरळ असतं यावर विश्वास ठेवू नका. एक आडवा धागा ओढा, त्या रेषेवर कापून घ्या, मगच ४५ अंश मोजा.

बाकी सगळं धीराने घेतलं तर जमतं. बाजूच्या शिवणीला दीड इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा, कारण कापड खाली उतरतं तसं आडवं आक्रसतं. मशीनला झिगझॅग टाका असेल तर अगदी अरुंद ठेवा, रुंदी ०.५ मिमी, लांबी २.५ मिमी. साधं पायाचं मशीन असेल तर टाका बारीक ठेवून कापड हाताने हलकं ताणत टीप मारा, नाहीतर नेसल्यावर दोरा तुटतो. कापड मशीनच्या दातांत अडकत असेल तर खाली पतंगाचा कागद घ्या आणि नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. शिवणीला ओव्हरलॉक मारायचा मोह आवरा. उरेब कडा फारशी उसवत नाही आणि ओव्हरलॉकने ती ताठ होते. जिलेटिन किंवा खळ लावून कापड कडक करण्याच्या व्हिडिओंवर माझा राग आहे. कापायला सोपं जातं, मान्य, पण धुतल्याशिवाय ते किती लोंबणार हे कळत नाही. मांजरपाटावर चाचणीही फक्त मापापुरती. कापड अंगावर कसं पडेल याचा अंदाज हवा तर त्याच वजनाचं स्वस्त क्रेप घ्या.

कच्चा टाका घातला की गाऊन निदान दोन दिवस लटकवा. खालची कड वेडीवाकडी उतरेल. घाबरू नका, सगळ्यांचीच उतरते. नवरीला लग्नातलेच सँडल घालून उभं करा, तुम्ही फरशीवर बसा आणि लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरून भोवती फिरत खडूच्या खुणा करा. तिला फिरवू नका, ती फिरली की कापडही फिरतं. खालची दुमड बारीक, हाताने, दोरा सैल ठेवून.

तारखेआधी आठवडाभर हाती ठेवूनच काम घ्या. तयार गाऊन हँगरला नाही, सुती चादरीत आडवा ठेवायचा. लग्नापर्यंत टांगून ठेवलात तर तो पुन्हा इंचभर लांब होईल.