नैराश्याची गोळी चालू आहे आणि मोतीबिंदूची भीती वाटते, तर काय करायचं

गेल्या पावसाळ्यात मुलाच्या मागे स्कूटरवर बसून मिरजेहून सांगलीला येत होते. समोरच्या गाड्यांचे दिवे एकाएकी फुटल्यासारखे, चहूबाजूंनी पसरलेले दिसायला लागले. त्याच आठवड्यात नणंदेने मोबाइलवर पाठवलं, ‘डिप्रेशनच्या गोळ्यांनी मोतीबिंदू होतो.’ मी ६१ वर्षांची, सहा वर्षं सर्ट्रालिन ही नैराश्याची गोळी घेतेय. कुणाला न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची, भाजी चिरता चिरता रडू फुटायचं. आठव्या दिवशी मुलानेच डॉक्टरांकडे नेलं.

म्हणून सगळ्यात आधी हे: गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बंद करायचीच असेल तर ती डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. शिवाय आजार उलटला तर तो मोतीबिंदूपेक्षा कितीतरी जड जातो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे.

त्या निरोपात तथ्य किती, तेही समजून घ्या. २०१० साली कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली माणसं ६५ वर्षांच्या पुढची आणि हृदयावर उपचार झालेली होती. सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोहोचवणारं रसायन) वाढवणाऱ्या, म्हणजे माझ्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मोतीबिंदूचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे न घेणाऱ्यांच्या मोठ्या गटात १०० जणांना मोतीबिंदू झाला, तर घेणाऱ्यांच्या तेवढ्याच मोठ्या गटात साधारण ११५ जणांना. शंभरातल्या पंधरा जणांचे डोळे जातात, असा त्याचा अर्थ नाही! त्यात धूम्रपानाची नोंदही नव्हती आणि धूम्रपानाने मोतीबिंदू वाढतो. पुढे २०१७ साली ब्रिटनमधल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात एकूणात धोका वाढलेला आढळला नाही. मात्र डोळ्यातल्या भिंगात सेरोटोनिन पकडणाऱ्या जागा (रिसेप्टर) असतात, त्यामुळे शंका अगदीच निराधार नाही. मी यातून एवढंच घेतलं की घाबरायचं नाही, पण तपासणी चुकवायची नाही.

तपासणीला जाताना सगळ्या औषधांची यादी न्या. मी शाळेत वापरायचे तशी छोटी वही केली आहे: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून. मनाची गोळी लपवू नका. मी आधी दोनदा लपवली होती, शेजारची बाई वेटिंगमध्ये बसली होती म्हणून. स्टिरॉइड घेतलं असेल तर नक्की सांगा, दम्याचा पंप किंवा सांध्यांसाठी घेतलेल्या गोळ्यासुद्धा. स्टिरॉइडचा मोतीबिंदूशी संबंध पक्का आहे. मधुमेह असेल तर साखरेचे ताजे आकडे वहीत लिहा. घरातल्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, तर शस्त्रक्रियेआधी तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्याने शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ सैल पडतं.

नुसता नंबर काढून परत येऊ नका. ‘थेंब टाकून बाहुली मोठी करून भिंग बघाल का?’ असं विचारा. थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं. सोबत कुणीतरी न्या, गाडी स्वतः चालवू नका.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवण्यासारखी नाही. डोळा लाल होऊन खूप दुखायला लागला, डोकं दुखून उलटी आली, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नैराश्याच्या या गोळ्यांनी बाहुली थोडी मोठी होते आणि ज्यांच्या डोळ्यातला, आतलं पाणी निचरा होण्याचा कोन मुळातच अरुंद आहे, त्यांच्या डोळ्यातला दाब एकाएकी चढू शकतो. तो काचबिंदूचा झटका असतो, त्यात नजर कायमची जाऊ शकते.

माझ्या दोन्ही भिंगांत सुरुवातीचा मोतीबिंदू निघाला. ‘या वयात गोळीशिवायही होतो,’ डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. ‘पिकला की काढू’ हे आमच्या आईच्या वेळचं. आता रोजच्या कामात अडायला लागलं की काढतात. मी अजून सुईत दोरा ओवते, पण रात्री स्कूटरवर मागे बसले की समोर बघत नाही. उन्हात टोपी आणि गॉगल वापरते. सर्ट्रालिन पूर्वीच्याच डोसवर चालू आहे आणि मनाच्या आणि डोळ्यांच्या अशा दोन्ही डॉक्टरांकडे एकमेकांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स दिलेली आहे.