एमएफएचा निकाल यायचाय आणि फिरायलाही जायचंय, मग प्लॅनिंग कसं करायचं?

क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएफएला (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे लेखनातली मास्टर्स डिग्री) अमेरिकेत अप्लाय केलंय, राहताय तिसऱ्याच देशात, आणि फेब्रुवारीपासून एका टॅबमध्ये पोर्टल आणि दुसऱ्या टॅबमध्ये विमानाची तिकिटं. निकाल लागल्यावर बघू म्हणून बसलात तर पूर्ण वर्ष बघण्यातच जातं. माझं स्पष्ट मत आहे की आधी जागा ठरवू नका, कुठल्या महिन्यात पासपोर्ट कुठे असेल ते ठरवा, बाकीचं आपोआप बसत जातं.

मधली मोठी तारीख १५ एप्रिल. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या युनिव्हर्सिट्यांच्या संघटनेचा एक ठराव आहे, तो मान्य केलेल्या युनिव्हर्सिट्या फंडिंगसकट दिलेल्या ऑफरवर या तारखेआधी हो-नाही सांगा म्हणून तुमच्या मागे लागू शकत नाहीत (आपली युनिव्हर्सिटी त्या यादीत आहे का ते बघून घ्या). म्हणून होतं काय, की लोक शेवटपर्यंत ऑफर धरून बसतात आणि वेटलिस्ट खरी हलते ती त्या आठवड्यात. तुमच्याकडे दोन ऑफर असतील आणि एक नकोच असेल तर लगेच नाही कळवा, कुणीतरी तिकडे ताटकळत बसलेलं असतं.

तर फेब्रुवारी ते १५ एप्रिल फक्त छोट्या ट्रिपा, त्याही कॅन्सल करता येतील अशा. जंगलात, बोटीवर, जिथे रेंज नाही तिथे या दिवसांत जाऊ नका. बऱ्याचदा प्रोग्रॅमचे डिरेक्टर थेट फोन करतात आणि त्यांची दुपार म्हणजे तुमची भलतीच वेळ असते, फेब्रुवारीत आयोवात दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा टोकियोत पहाटेचे सहा. +१ ने सुरू होणारा अनोळखी नंबर स्पॅम समजून कट करायची सवय दोन महिने बाजूला ठेवा, व्हॉइसमेल भरलेला नाही ना ते बघा, आणि दुसऱ्या देशात जाऊन लोकल सिम टाकणार असाल तर अर्जात दिलेला नंबर चालू राहील असं काहीतरी करा. वेटलिस्टवर असाल तर अजून इंटरेस्ट आहे असा एक छोटा मेल पुरतो, दर आठवड्याला नको.

ऑफर आली की फिरण्याचा उत्साह दुप्पट होतो, आणि नेमकं तेव्हाच थांबायचं असतं. युनिव्हर्सिटीकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं कागदपत्र) येणार, त्यावर ३५० डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) भरायची, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग इंटरव्ह्यूची अपॉइंटमेंट, जी काही शहरांत पटकन मिळते आणि काही ठिकाणी अजिबात मिळत नाही. इंटरव्ह्यू झाला की व्हिसा लागेपर्यंत पासपोर्ट बहुतेकदा अमेरिकन कॉन्सुलेटकडे, म्हणजे तुम्ही अडकलात. फिरता फिरता वाटेत कुठेतरी इंटरव्ह्यू देऊन टाकू हा प्लॅनही सोडा, सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेची सूचना आहे की आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच अर्ज करायचा. त्यामुळे राहत्या देशाचं रेसिडेन्स परमिट घाईने रद्द करू नका, घर सोडायची नोटीसही फंडिंगचं पत्र हातात आल्याशिवाय देऊ नका, तोंडी "तुम्हाला नक्की स्टायपेंड मिळेल" याला काही अर्थ नाही.

मोठी ट्रिप व्हिसा लागल्यावर. क्लासेस साधारण ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, आणि एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आय-२० वर दिलेल्या प्रोग्रॅम सुरू व्हायच्या तारखेच्या फार तर ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं, त्याच्याही आधी जाऊन रोडट्रिप मारू असं डोक्यात असेल तर ते त्या व्हिसावर होत नाही. युरोप करायचं असेल तर शेंगेनचे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस मोजा, वसंतातल्या छोट्या ट्रिपाही त्यातच धरल्या जातात हे लोक विसरतात.

अजून एक, सगळे प्रोग्रॅम सारखे नसतात. आयोवा रायटर्स वर्कशॉप दोन वर्षांचा, टेक्सासचं मिचनर सेंटर तीन वर्षांचं आणि तिथे फंडिंगच्या बदल्यात ज्युनिअर विद्यार्थ्यांना शिकवायची सक्ती नाही. काही ठिकाणी शिकवण्याचं ट्रेनिंग क्लासेसच्या आधीच सुरू होतं, तारीख मेल करून विचारा आणि तिकीट त्यानुसारच काढा.

आणि सगळीकडून नकार आला तर? मग व्हिसाचे ते दोन-तीन महिने मोकळे झाले, लांबची ट्रिप मेमध्येच सुरू करा, फक्त पुढच्या अर्जांच्या डेडलाइन साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा ऑक्टोबरपासून एका जागी बसून अर्जासोबत द्यायचं लेखनाचं सॅम्पल लिहिता येईल इतपत पैसे आणि एक खोली राखून ठेवा. शिफारसपत्रं देणाऱ्यांनाही निघायच्या आधीच सांगून ठेवा.