संघटनेत वाद, नोंदणीत घट : बुद्धिबळ पदाधिकाऱ्यांनो, या चुका टाळा

सभासद कमी झाले की कार्यकारिणीच्या बैठकीत कारणे ठरलेली असतात : मोबाइल, परीक्षा, क्लासच्या वेळा, ऑनलाइन खेळ. ती खरीही आहेत. पण 2024 मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सांघिक सुवर्ण जिंकले. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख त्या संघांत होते. त्याच वर्षी डी. गुकेश जगज्जेता झाला आणि 2025 मध्ये दिव्याने महिला विश्वचषक आणला. अशा काळात तुमच्या जिल्ह्यातली मुले गळत असतील, तर आधी संघटनेचे दफ्तर उघडा. बहुतेक वेळा दोन गटांचे भांडण तिथेच सापडेल.

माझे म्हणणे एवढेच आहे : पदाधिकाऱ्यांच्या वादाला कंटाळून सभासद जात नाही. त्या वादामुळे त्याचा खेळ अडतो, म्हणून जातो. प्रत्येक चुकीकडे याच बाजूने पाहा.

“हा वरच्या लोकांचा वाद आहे” असे समजणे

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचे उदाहरण ताजे आहे. अध्यक्ष पी. आर. वेंकटरामा राजा आणि सचिव भरतसिंह चौहान यांच्यात 2019 च्या सुमारास उघड फूट पडली आणि निवडणुकीचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयात गेला. निवृत्त न्यायमूर्ती के. कन्नन यांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. जानेवारी 2021 च्या निकालात संजय कपूर यांनी राजा यांचा 33-31 असा पराभव केला. सचिवपदासाठी चौहान यांनी महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे यांना 35-29 असे हरवले. खजिनदारपदाच्या लढतीत गोव्याचे किशोर बांदेकरही थोड्या फरकाने हरले.

हे आकडे नीट पाहा. इतक्या कमी फरकाने जिंकलेल्या गटाला जवळपास निम्म्या राज्यांना विश्वासात घेतल्याशिवाय काम करता येत नाही, आणि वाद तिथे थांबलाही नाही. डोंगरे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. क्रीडा संघटनांसाठी केंद्र सरकारने केलेल्या राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार पदावरच्या सचिवाला फेरनिवडीसाठी दोन-तृतीयांश मते लागतात, हा त्यांचा मुद्दा होता. 64 मतांपैकी 35 म्हणजे त्याहून बरीच कमी. जून 2022 मध्ये न्यायालयाने चौहान यांना सचिवपदावर राहता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा चेन्नईचे ऑलिंपियाड दोन महिन्यांवरही नव्हते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धा पार पडेपर्यंत, म्हणजे 15 ऑगस्टपर्यंत, त्यांना काम पाहू दिले.

जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, उमेदवारी भरण्याआधी मुदतीचे आणि बहुमताचे नियम लेखी तपासून घ्या. 2011 च्या क्रीडा संहितेत सचिव आणि खजिनदाराला सलग दोन मुदतींनंतर विश्रांती घ्यावी लागे. राज्य आणि जिल्हा संघटनांच्या घटनेत अशी कलमे असतात किंवा नसतात. नसतील तर वाद होण्याआधीच घाला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : न्यायालयाने वाद चालू ठेवला, पण स्पर्धा अडू दिली नाही. अशी सोय आपल्यालाही आधीच करून ठेवता येते. त्याबद्दल शेवटी लिहितो.

बदल अर्ज कपाटात पडून राहणे

महाराष्ट्रात हा आजार घरोघरी आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर नवी कार्यकारिणी आल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक होते, हार-तुरे होतात, फोटो छापून येतात आणि अर्ज राहून जातो. पुढच्या निवडणुकीनंतर तेच. दहा वर्षांनी शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या अधिकृत नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे दिसतात, त्यांतली दोन माणसे हयात नसतात आणि एक जण विरोधी गटात असतो.

मग खरी कार्यकारिणी कोणती? बँक उतारा मागते आणि खात्यावर सही कोणाची, यावर व्यवहार अडतो. हॉलचे भाडे, पंचांचे मानधन आणि बक्षिसांची रक्कम एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खिशातून जाते. वर्षभरात त्याचा हिशेब मागितला जातो आणि भांडणाला नवे कारण मिळते. कोणीतरी हरकत घेतली की चौकशी अनेक वर्षे चालते. म्हणून निवडणूक झाली त्याच आठवड्यात सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठराव आणि मावळत्या सदस्यांच्या सह्या एकत्र करून अर्ज दाखल करा. आधीचे अर्ज प्रलंबित असतील, तर ते क्रमाने निकाली काढण्यासाठी वकील लावा. संस्थेने कुठे खर्च करायचा असेल, तर तो आधी इथे करावा.

खेळाडूला बाजू घ्यायला लावणे

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती मनाला लागते, कारण शिक्षा मुलांना होते. दोन्ही गट आपापली निवड चाचणी जाहीर करतात. अकरा वर्षांखालच्या मुलीच्या आईकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच वयोगटाची दोन पत्रके येतात, दोन्हींवर “अधिकृत” असे छापलेले, प्रवेश शुल्क वेगवेगळे, तारखा एकच. ती विचारते, “सर, राज्याला कुठली धरणार?” उत्तर कोणालाच ठाऊक नसते. पुढच्या वर्षी ती मुलगी बॅडमिंटनला जाते. तुमच्या वहीत एवढीच नोंद राहते : नूतनीकरण नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न तर आणखी अवघड. दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण हवे असेल, तर प्रमाणपत्राची शासकीय पडताळणी होते. देणाऱ्या संघटनेला मान्यताच नसेल, तर मुलाची काही वर्षांची मेहनत कागदावर शून्य ठरते.

बंदी घालून गर्दी टिकवण्याचा मार्गही बंद झाला आहे. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही, असे हमीपत्र खेळाडूंकडून घेतले जाई. नियम मोडणाऱ्यांवर बंदी, मानांकन (खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) काढून टाकणे अशा कारवाया होत. बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने जुलै 2018 मध्ये याबद्दल महासंघाला 6.92 लाख रुपये दंड केला. तरी जिल्हा पातळीवर “तिकडे खेळलास तर इकडे नाव घेणार नाही” हे वाक्य अजून ऐकू येते. ते बोलणाऱ्याला तिथेच थांबवा.

एकूण आकडा पाहून समाधान मानणे

अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाकडून हे शिकण्यासारखे आहे. 1972 मध्ये आइसलँडच्या रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत अमेरिकेच्या बॉबी फिशरने सोव्हिएत संघाच्या बोरिस स्पास्कीला हरवले आणि सभासदसंख्या जवळजवळ दुप्पट होऊन साठ हजारांच्या आसपास गेली. 1975 मध्ये फिशर विजेतेपद राखायला उतरलाच नाही. पुढच्या वर्षांत संख्या खाली आली. लाटेत आलेले लोक लाटेबरोबर गेले. आपल्याकडे आज गुकेश आणि दिव्यामुळे तीच लाट आहे.

तिथला नंतरचा वाद कटू होता. 2007 मध्ये माजी महिला जगज्जेती सुसान पोल्गर आणि तिचा पती पॉल ट्रुओंग अमेरिकी महासंघाच्या कार्यकारी मंडळावर निवडून आले. त्यानंतर इंटरनेटवर दुसऱ्याच्या नावाने मजकूर टाकल्याचे आरोप झाले आणि एकाहून अधिक राज्यांत खटले उभे राहिले. 2009 मध्ये दोघांचे सभासदत्व रद्द झाले, पुढे समेट झाला. पण मंडळाचा वेळ आणि पैसा वकिलांकडे गेला. शालेय मुले दर वर्षी येतात आणि जातात, त्यांना टिकवायला लागणारे लक्ष त्या काळात कुठून आणायचे?

तेव्हा नवे किती आले, हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. गेल्या वर्षीच्या शंभरांपैकी किती जणांनी पुन्हा शुल्क भरले, ते आधी मोजा. वयोगट आणि तालुका वेगळे काढा. चौदा वर्षांनंतर मुली का दिसत नाहीत, एका तालुक्यातून अचानक कोणीच का येत नाही, हे त्या यादीतून कळते. मग न आलेल्या दहा पालकांना फोन करा. फोन करणारा कोणत्याही गटाचा नसावा.

वाद आधीच पेटला असेल तर

समेटाची वाट पाहू नका, तो कधी होईल सांगता येत नाही. त्याआधी दोन्ही गटांनी एका पानावर लेखी करार करावा : निकाल लागेपर्यंत निवड चाचणी एकच होईल, मुख्य पंच बाहेरच्या जिल्ह्याचा असेल, प्रवेश शुल्क स्वतंत्र खात्यात जमा होईल आणि खर्चाचा ताळेबंद पंधरा दिवसांत सर्व पालकांना मिळेल. मानांकनाचा अहवाल वेळेत पाठवण्याची जबाबदारी नावानिशी लिहा. प्रमाणपत्रावर राज्य संघटनेच्या प्रतिनिधीची सही घ्या.

एखादा गट सही करायला तयार नसेल, तर राज्य संघटनेला तसे लेखी कळवून तिच्या निरीक्षकाच्या उपस्थितीत चाचणी घ्या. 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला आहे. त्यात वादांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. पण जिल्ह्यातली चाचणी पुढच्या महिन्यात असते, म्हणून तिची तारीख, जागा आणि पंचाचे नाव या आठवड्यातच जाहीर करा.