अमेरिकेच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत जागा कोणाला मिळते : गोमंतकीय कुटुंबांसाठी मार्गदर्शन

गोव्यातील काही कुटुंबांत एखादा मुलगा, जावई किंवा पुतण्या अमेरिकेत स्थायिक होऊन तेथील सैन्यात किंवा नौदलात दाखल झालेला असतो. अशा व्यक्तीच्या निधनानंतर तेथील राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत तिला, आणि पुढे तिच्या पत्नीला किंवा पतीला, विनामूल्य जागा मिळण्याची तरतूद आहे. तथापि हा हक्क आपोआप अमलात येत नाही. तो कागदपत्रांनी सिद्ध करावा लागतो, आणि निम्मी कागदपत्रे अमेरिकेत व निम्मी गोव्यात असली, तर दुःखाच्या दिवसांत ती जुळवणे फार कठीण जाते. म्हणून पात्रतेचे नियम आणि तयारी या दोन्ही गोष्टी आधीच समजून घेणे हिताचे आहे.

अमेरिकेत अशा दीडशेहून अधिक दफनभूमी माजी सैनिकांच्या कल्याणाचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विभागाच्या ताब्यात आहेत. सक्रिय सेवेत असताना मृत्यू पावलेला सैनिक येथे पात्र ठरतो. सेवा पूर्ण करून बाहेर पडलेला सैनिकही पात्र ठरतो, मात्र त्याची सेवामुक्ती अप्रतिष्ठित स्वरूपाची नसावी. ७ सप्टेंबर १९८० नंतर भरती झालेल्या जवानाने, आणि १६ ऑक्टोबर १९८१ नंतर रुजू झालेल्या अधिकाऱ्याने, सलग २४ महिने किंवा ज्या मुदतीसाठी त्याला बोलावले होते ती पूर्ण मुदत सेवा केलेली असावी लागते; सेवेत आलेल्या अपंगत्वामुळे लवकर मुक्त झालेल्यांना यातून सूट आहे. राखीव दलात किंवा नॅशनल गार्डमध्ये (राज्यांच्या अखत्यारीतील राखीव सैन्यात) वीस वर्षे काढून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळवलेली व्यक्तीही पात्र असते. सेवामुक्तीचा शेरा संदिग्ध असेल तर कुटुंबाने स्वतःच निराश होऊन अर्ज टाळू नये, कारण अशा प्रकरणांत विभाग नोंदी तपासून निर्णय देतो. देशाविरुद्धच्या कारवायांबद्दल दोषी ठरलेले, तसेच अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी मृत्युदंड किंवा जन्मठेप झालेले, मात्र हा हक्क गमावतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भारतीय सैन्यातील सेवा कितीही गौरवास्पद असली, तरी तिच्या आधारावर अमेरिकेतील दफनभूमीत जागा मिळत नाही, आणि मुलाकडे अमेरिकेचे नागरिकत्व आहे एवढ्यावरूनही वडिलांना ती मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर सागरी सेवा केलेल्या खलाशांना पात्र मानले जाते. परंतु ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर आयुष्य घालवलेल्या गोव्यातील खलाशांना ही तरतूद लागू होत नाही. उलट, अमेरिकेच्या सैन्यात प्रत्यक्ष सेवा केलेल्या माणसाला केवळ तो अमेरिकन नागरिक नव्हता म्हणून नाकारले जात नाही.

गोव्यात राहणाऱ्या पत्नीचा हक्क हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि म्हणूनच त्यावर मी अधिक भर देतो. पात्र सैनिकाची पत्नी किंवा पती स्वतःच्या नात्याने पात्र असतो. सैनिकाच्या आधी पत्नीचे निधन झाले, तरी तिला तेथे जागा मिळू शकते, आणि नंतर सैनिकाला बहुधा त्याच जागेत ठेवले जाते. घटस्फोट झालेल्या जोडीदाराला मात्र केवळ पूर्वीच्या विवाहाच्या आधारे हा हक्क राहत नाही. अविवाहित मुले २१ वर्षांखालील असल्यास, किंवा पूर्णवेळ शिक्षण घेत असतील तर २३ वर्षांखालील असल्यास पात्र असतात. त्या वयाआधी अपंगत्व येऊन परावलंबी झालेल्या अविवाहित मुलांना वयाची अट नाही. भावंडे पात्र नाहीत. आईवडिलांसाठी २०१० च्या कायद्याने मर्यादित वाट उघडली : ७ ऑक्टोबर २००१ रोजी किंवा त्यानंतर युद्धकार्यात अथवा युद्धाच्या प्रशिक्षणात मृत्यू आलेल्या सैनिकाला पात्र जोडीदार किंवा मूल नसेल, आणि त्याच्या जागेत अवकाश असेल, तर त्याच्या आईवडिलांना तेथे ठेवता येते.

वॉशिंग्टनजवळच्या अर्लिंग्टन दफनभूमीचे नाव सर्वांना ठाऊक असते, परंतु ती वरील विभागाच्या नव्हे, तर सैन्याच्या अखत्यारीत आहे आणि तिचे नियम पुष्कळ कडक आहेत. तेथे जमिनीत दफनाचा हक्क प्रामुख्याने सेवेत असताना मृत्यू आलेल्यांना, निवृत्तिवेतनधारक सैनिकांना आणि सिल्व्हर स्टार (शौर्यासाठी) किंवा पर्पल हार्ट (युद्धात जखमी झाल्याबद्दल) यांसारखी पदके मिळवलेल्यांना आहे. अल्पकाळ सेवा केलेल्याच्या कुटुंबाने अर्लिंग्टनचा आग्रह न धरता घराजवळची राष्ट्रीय दफनभूमी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काही जुन्या दफनभूमींत नव्या कबरींसाठी जागा उरलेली नाही, त्यामुळे चौकशी आधी करावी.

हिंदू कुटुंबांना दहनसंस्कार सोडावा लागत नाही. अस्थिकलश जमिनीत किंवा कोनाड्यांच्या भिंतीत ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, आणि शिळेवर ॐ हे चिन्ह कोरून मिळते. एखाद्या कुटुंबाने गोव्यातील हरवळ्याला रुद्रेश्वराच्या सान्निध्यात उत्तरक्रिया करून सर्व अस्थी विसर्जित केल्या असतील, तरीही पात्र व्यक्तीच्या नावाची स्मृतिशिळा राष्ट्रीय दफनभूमीत उभारता येते. मात्र विभागाकडून घरी ठेवण्यासाठी कलश किंवा स्मृतिफलक घेण्याचा जो नवा पर्याय आहे, तो निवडल्यास दफनाचा आणि शिळेचा हक्क कायमचा संपतो. घाईत त्यावर सही करू नये.

जागा, खोदकाम, शिळा, तिच्यावरील अक्षरे आणि कायमची देखभाल यांचा खर्च सरकार करते. सैनिकासाठी राष्ट्रध्वज दिला जातो, आणि किमान दोन सैनिक उपस्थित राहून ध्वजाची घडी व मानवंदना करतात. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेचा खर्च, तसेच गोव्यातून पार्थिव किंवा अस्थी तेथवर नेण्याचा खर्च, सर्वसाधारणपणे कुटुंबावरच पडतो. गोव्यातच दफन करायचे ठरले, तर सैनिकाच्या कबरीसाठी शिळा मागवता येते. पण येथील अनेक चर्चच्या दफनभूमींत काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरली जाते, म्हणून आधी पाद्रींशी बोलून कायम जागेची खात्री करून घ्यावी.

कागदपत्रांत सर्वांत मोलाचे आहे ते डीडी २१४ हे सेवामुक्तीचे प्रमाणपत्र. ते हरवले असेल तर सेंट लुईस येथील अभिलेखागाराकडून प्रत मागवता येते. तेथे १९७३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या सैनिकांच्या लक्षावधी नोंदी जळाल्या, त्यामुळे जुन्या सेवेच्या बाबतीत घरातील कागद जपणे अधिकच महत्त्वाचे ठरते. पत्नीसाठी नागरी निबंधकाच्या कार्यालयातील विवाहनोंदीचा उतारा काढून ठेवावा. देवळातील लग्नाची छायाचित्रे किंवा लग्नपत्रिका पुरावा म्हणून पुरेशी ठरत नाहीत. येथील जुन्या नोंदींत आडनावे पोर्तुगीज धाटणीने लिहिलेली असतात, आणि तेच आडनाव अमेरिकेच्या कागदावर वेगळ्या रीतीने उतरते. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र वकिलाकडून आताच करून घ्यावे. मृत्यू गोव्यात झाला, तर पंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करावी; मृत व्यक्ती अमेरिकन नागरिक असेल तर मुंबईतील वाणिज्य दूतावासाला कळवावे, म्हणजे परदेशातील मृत्यूचा अधिकृत अहवाल मिळतो.

प्रत्यक्ष विनंती अमेरिकेतील अंत्यविधी संस्थेमार्फत किंवा नातेवाइकाने थेट राष्ट्रीय दफनभूमींच्या नियोजन कार्यालयाकडे, ८००-५३५-१११७ या क्रमांकावर, करायची असते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे हयातीतच ४०-१०००७ क्रमांकाचा नमुना भरून पात्रतेचा निर्णय मागवणे. त्याने विशिष्ट जागा राखून ठेवली जात नाही, परंतु पात्रता लेखी मिळते. ते पत्र, डीडी २१४ ची प्रत आणि विवाहाचा उतारा एका पाकिटात ठेवून त्याचा एक संच गोव्यातील घरी आणि दुसरा अमेरिकेतील जबाबदार नातेवाइकाकडे द्यावा.