बेताचा दरोडापट, मुरलेला नट: काम कसं तपासायचं

दरोड्याचा सिनेमा ढिला पडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. पात्रं योजना सांगत सुटतात आणि माणसं म्हणून ती कोण आहेत हे कळतच नाही. तरीही एखादा ज्येष्ठ नट असा सिनेमा उचलून धरतो. ते कसं घडलं हे सलग एकदा पाहून हाती लागत नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी नाट्यमंडळींची अडचण आणखी वेगळी. आपली नजर तयार झाली गडकरी रंगायतनात नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहात. तिथे नट डोक्यापासून पायापर्यंत, सलग दिसतो. पडद्यावर तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो आणि कुठला तुकडा ठेवायचा हे संकलक ठरवतो.

सरावाला ‘आँखें’ (2002) घ्या. बँकेतून काढून टाकलेला मॅनेजर, म्हणजे अमिताभ बच्चन, तीन अंध माणसांकडून तीच बँक लुटवतो. अंधांवर संशय कोण घेणार, या एकाच कल्पनेवर सगळा डोलारा उभा आहे आणि तो मध्येमध्ये डगमगतो. अभ्यासाला मात्र सोन्यासारखा सिनेमा. गोष्ट मुळात गुजराती नाटकाची, ‘आंधळो पाटो’.

तीन प्रसंग निवडा, प्रत्येकी 2 ते 3 मिनिटांचे: योजना समजावण्याचा, काहीतरी बिनसण्याचा आणि नट नुसता ऐकतोय असा एक. तिसरा सहसा राहून जातो. तो सोडू नका. प्रत्येक प्रसंग चार वेळा पाहायचा. आधी सलग, मग आवाज बंद करून, मग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचा, शेवटी थांबवत थांबवत. तिन्हींना मिळून दीड तास धरा.

आवाज बंद असताना हात पाहा. हालचाल शब्दाआधी आली तर विचार मनात उगवल्यासारखा वाटतो; शब्दानंतर आली की अभिनय करून दाखवल्यासारखी दिसते. ऐकताना संवाद कागदावर उतरवून श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा, जोर दिलेल्या शब्दाखाली आडवी. कच्चा नट माहितीच्या प्रत्येक नामावर जोर देतो. मुरलेला नट माहिती सहज टाकून देतो आणि जोर एकाच शब्दासाठी राखून ठेवतो.

‘आँखें’मध्ये याला एक पदर जास्त आहे. समोरच्या पात्रांना मॅनेजरचा चेहरा दिसतच नाही. म्हणजे त्यांच्यावरची हुकमत एकट्या आवाजाने गाजवायची, आणि चेहरा प्रेक्षकांसाठी मोकळा. आवाजात आश्वासन असताना डोळ्यांत काय आहे, हे आवाज बंद करून पाहिल्यावरच वेगळं काढता येतं. तीन अंधांपैकी एक झालेल्या परेश रावल यांचं काम नेमकं उलट्या टोकाचं: नजरेची देवाणघेवाण बाद, म्हणून प्रतिक्रिया मान, खांदे आणि बोटांतून द्यायची. दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर सगळं श्रेय मोठ्या नावाच्या खात्यात जमा होतं.

हमखास होणारी चूक म्हणजे पार्श्वसंगीत आणि खालून लावलेला कॅमेरा यांनाच अभिनय समजणं. म्हणून कट मोजा. दर 2-3 सेकंदांनी कट असेल तर परिणामात संकलकाचा वाटा मोठा. 10 सेकंदांहून लांब, न तुटलेला शॉट शोधा. तिथे नट उघडा असतो. डबिंग असेल तर आवाज स्टुडिओत, वेगळ्या दिवशी दिलेला असतो. तसं असेल तर चेहरा आणि आवाज दोन स्वतंत्र कामं म्हणून लिहा.

मग सर्वांत उपयोगी चाचणी. तोच संवाद मंडळातल्या कुणालातरी सपाट वाचायला लावा. तरीही पकड राहिली तर श्रेय लेखकाचं. पडला, तर नटाने नेमकं काय घातलं होतं ते आता तुमच्या रेघांमध्ये सापडेल.

लिहिताना ‘सिनेमा एकहाती तोलला’ असली वाक्यं काढून टाका. त्यांतून काहीच कळत नाही. वेळ, दिसलेली गोष्ट आणि तिचा परिणाम, या क्रमाने लिहा. सोबत सिनेमा कुठे पाहिला याचीही नोंद ठेवा. टीव्हीवरच्या प्रतीत प्रसंग कापलेले असू शकतात, आणि मग तुम्ही 42:10 या वेळेला नोंदलेला क्षण दुसऱ्याला तिथे सापडत नाही.